पाला पेटवला की किती वायू? एका एकराचा हिशोब, आणि जमैकाचाही

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प असतो आणि पोरं इंटरनेटवरून कुठला तरी देश उचलून आणतात. यंदा एकीनं जमैका आणला: पिकांचे अवशेष जाळल्यानं होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन. आलेख झकास होता. आकडा आला कुठून, असं विचारलं तर म्हणाली, "सर, तिथं मशीन लावून मोजत असतील." नाही मोजत. तो गुणाकार असतो, आणि आपल्या शिरोळातल्या उसाच्या एका एकरावर करून बघितला की जमैकाचाही उलगडतो.

तोड झालेल्या फडात, पाला पेटवायच्या आधी जा. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, राहिलं असेल तर बाजूला काढा. ते जनावरांच्या पोटात जाणार, आगीत नाही. बांधापासून लांब, फडाच्या मधोमध ११ फूट बाय ११ फुटांचा चौकोन आखा. अकराच का? गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, त्यात असे बरोबर ९ चौकोन बसतात. चौकोनातला पाला, सरीत दबलेलासुद्धा, हातानं गोळा करा. खोऱ्यानं ओढलात तर मातीच जास्त येईल, आणि मातीचं वजन जळत नाही. बारदानात बांधून काट्याला लटकवा. दाट, विरळ असे तीन-चार चौकोन घेऊन सरासरी काढा. त्यातला किलोभर पाला पत्र्यावर कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा तोला, कारण हिशोब कोरड्या वजनाचा आहे.

समजा चौकोनात १० किलो भरला आणि किलोचा वाळून ९०० ग्रॅम झाला. म्हणजे कोरडा ९ किलो. गुणिले ९ गुंठ्याचा, गुणिले ४० एकराचा: ३,२४० किलो. हेक्टरी आठ टन. कृषी विद्यापीठाची माणसं हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे हाच वाळका पाला, सांगतात, तेव्हा आपण वाटेवर आहोत.

सगळा पाला जळत नाही, बुडाचा ओला राहतो. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळानं, म्हणजे आयपीसीसीनं, २००६ च्या मार्गदर्शिकेत उसासाठी ०.८० हा गुणक दिलाय. म्हणजे जळाला २,५९२ किलो. पुढं त्याच मार्गदर्शिकेतले आकडे: एक टन कोरडा पाला जळला की २.७ किलो मिथेन आणि ०.०७ किलो नायट्रस ऑक्साइड. आपल्या एकराला सात किलो मिथेन, १८० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो त्या गुणकानं, मिथेनला २८ नं आणि नायट्रस ऑक्साइडला २६५ नं, गुणून बेरीज केली की २४४ किलो, कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे.

इथं हमखास प्रश्न येतो: एवढा धूर आणि अडीचशे किलोसुद्धा नाही? खुद्द कार्बन डायऑक्साइड एकराला चार टनांच्या आसपास निघतो, पण तो या हिशोबात धरतच नाहीत, कारण पुढच्या वर्षीचा ऊस तेवढा परत ओढून घेतो असं मानतात. डोळे चुरचुरवणारा धूर आणि काजळी तर या खात्यात नाहीच. तेव्हा आकडा लहान दिसला म्हणून पेटवायचा परवाना मिळाला असं समजू नका.

आता जमैका. तिथं उभा फड पेटवून मग तोडायची रीत आहे, आपल्याकडं बहुतेक आधी तोड आणि मग काडी. सूत्राला त्याचं सोयरसुतक नाही. वजन करायला कोणी जात नाही, हेक्टरी ६.५ टन जळाला असा तयार आकडा घेतात. आपल्या एकराचं हेक्टर केलं तर ६.४ येतं, बघा. म्हणजे जळालेल्या हेक्टरला ६१२ किलो. २० हजार हेक्टर ऊस आणि निम्मा पेटवला असं समजा, झाले ६,१२० टन. सगळी गोम त्या 'निम्मा'त आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना मका, भात, ऊस, गहू या चारच पिकांचा हिशोब करते आणि सुरुवात काढणीच्या क्षेत्रापासून होते. त्यामुळे आलेख खाली आला की आधी क्षेत्र बघा. सेंट किट्स या कॅरिबियन बेटावर २००५ साली साखर उद्योगच बंद पडला. तिथली घट शेतकऱ्यांच्या शहाणपणाची म्हणून खपवू नका. दोन अहवाल ताडतानाही २८ आणि २६५ च्या जागी कुठले गुणक घेतलेत ते तपासा. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालातले २५ आणि २९८ घेतले, तर तेच हेक्टर ५७४ किलोंवर येतं. आग तीच.

आणि न पेटवता कुजवला तर शून्य? तेही नाही. पाल्यात साधारण ०.४५ टक्के नत्र असतं, आपल्या एकराला साडेचौदा किलो. त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइडमधून उडतं असं मार्गदर्शिका धरते. त्या नत्राचं नायट्रस ऑक्साइडचं वजन काढून २६५ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे ६१ किलो. कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू टाकतात. त्या युरियातल्या नत्राचे तसेच आणखी ५०. म्हणजे पेटवून २४४, कुजवून १११. प्रकल्पात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि जास्तीचा युरिया टाकला असेल तर तोही मोजा.