गुडघ्याच्या सांधेरोपणानंतरचा व्यायाम : या चुका टाळा

गुडघ्याचे सांधेरोपण करून रुग्ण घरी आला की पहिली चूक बहुधा मायेपोटी होते. ठणका कमी व्हावा म्हणून घरातले कोणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवते. गुडघा किंचित वाकलेला राहिला की बरे वाटते, हे खरे. परंतु तासन्‌तास तसाच ठेवल्याने सांध्यामागचे स्नायू आणि आवरण आखडतात व पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. मग चालताना लंगड येते आणि नुसते उभे राहतानाही मांडीच्या स्नायूला राबावे लागते. म्हणून उशी टाचेखाली ठेवावी, गुडघा अधांतरी सोडावा आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबत 5 आकडे मोजावेत. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘किती वाकतो?’ असे विचारतो. ‘सरळ होतो का?’ हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र मागेच राहतो.

‘रोज चालते ना मी, मग वेगळा व्यायाम कशाला?’ ही समजूतही महागात पडते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटू शकते, आणि शरीर नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकत असल्यामुळे केवळ चालण्याने ती भरून येत नाही. पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीतून दोन्ही पायांवर समान भार देत उठणे, हे व्यायाम थोडे थोडे, दिवसातून 3-4 वेळा करावेत.

याउलट काही जण एका दिवसात आठवड्याचा व्यायाम उरकू पाहतात. व्यायामानंतर थोडे दुखणे अपेक्षित असते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि वेदना वाढलेल्या असतील, तर प्रमाण कमी करावे, व्यायाम बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या सुमारे अर्धा तास आधी घेण्याबाबत त्यांनाच विचारावे. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे लावावा. ताज्या जखमेवर तेलमालीश किंवा गरम शेक नको, मग तो कितीही अनुभवी हाताचा असो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट तातडीच्या विभागात जावे. नियमित व्यायाम करूनही 6 आठवड्यांनी गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये. भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा उपाय साधारणपणे पहिल्या 12 आठवड्यांत अधिक उपयोगी पडतो, त्यामुळे हा निर्णय शल्यचिकित्सकांशी वेळेत बोलूनच घ्यावा लागतो.