गेममधला टर्बो खरा आहे का, हे तपासायचं कसं

शिट्टी आणि फुस्स आवाजावरून टर्बोची परीक्षा करू नका. आवाज कोणत्याही इंजिनाला चिकटवता येतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर, आणि इंजिनावर लोड, म्हणजे ओढायचं ओझं, आल्याशिवाय तो वायू पुरेसा निघत नाही. म्हणून बघायचं ते लोडकडे.

कात्रजचा घाट चढणाऱ्या टर्बो पेट्रोल नेक्सॉनमध्ये शेजारच्या सीटवर बसलात तरी हे कळतं. रांजणगावात बनणाऱ्या या गाडीचं १.२ लिटरचं इंजिन १७० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतं, पण १७५० ते ४००० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे). वळणावर आरपीएम त्याखाली गेले आणि चालकाने गिअर न बदलता पाय दाबला, की गाडी आधी रेंगाळते, मग एकदम ओढते.

आता गेममध्ये या. ऑटो गिअर आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी मदत) बंद करा, बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, काटा स्क्रीनवर आणा.

आधी न्यूट्रलमध्ये उभं राहून पूर्ण रेस द्या. साध्या रस्त्यावरच्या गाडीत काटा जेमतेम हलायला हवा. पूर्ण बूस्ट दिसला, तर गेम फक्त पेडल आणि आरपीएमचा गुणाकार करतोय. मग २००० आरपीएमवरून पूर्ण पाय दाबा, एकदा दुसऱ्या गिअरमध्ये, एकदा चौथ्यात. दुसऱ्यात आरपीएम बूस्टच्या पुढे पळतात. चौथ्यात ते सावकाश चढतात, त्यामुळे पूर्ण बूस्ट कमी आरपीएमलाच मिळायला हवा. शेवटी वरच्या आरपीएमला अर्धा सेकंद पाय उचलून पुन्हा दाबा. टर्बाइन अजून फिरत असतं, म्हणून बूस्ट पहिल्यापेक्षा लवकर परतला पाहिजे. पाय उचललेला असताना पेट्रोल गाडीचा काटा शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये जातो. बऱ्याच गेममध्ये तो शून्यावरच थांबतो.

२०१४ साली आलेला असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा गेम न्यूट्रलच्या परीक्षेत नापास होतो, पण त्याच्या फाइली उघडून बरंच सुधारता येतं. गाडीच्या डेटा फोल्डरमधली 'इंजिन' ही आयएनआय फाइल (सेटिंगची साधी मजकूर फाइल) उघडा, आधी तिची कॉपी ठेवा. टर्बोच्या भागात 'लॅग अप' हा बूस्ट चढण्याचा वेग ठरवतो: आकडा १ च्या जितका जवळ, तितका टर्बो आळशी. ०.९९८ चं ०.९९९ केलं तरी फरक जाणवतो, त्यामुळे तिसऱ्या दशांशाच्या पुढेच खेळा. 'लॅग डाउन' हा उतरण्याचा वेग. तो 'लॅग अप'पेक्षा कमी ठेवा. 'रेफरन्स आरपीएम' म्हणजे पूर्ण पेडलला कमाल बूस्ट मिळण्याचे आरपीएम. 'वेस्टगेट' म्हणजे बूस्टला मर्यादा घालणारी झडप. तिचा आकडा 'मॅक्स बूस्ट'पेक्षा थोडा कमी ठेवलात, तर बूस्ट चढून एका पातळीवर टिकतो, खऱ्या गाडीसारखा.

सगळ्यात जास्त गोंधळ टॉर्कच्या फाइलमध्ये होतो. गेम तिथल्या टॉर्कला '१ अधिक बूस्ट'ने गुणतो. डायनोचा (खऱ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख जसाच्या तसा भरला, तर टर्बोची ताकद दोनदा मोजली जाते. डायनोवर ०.८ बूस्टला ३०० न्यूटन-मीटर असतील, तर ३०० भागिले १.८, म्हणजे सुमारे १६७ लिहा. हे प्रत्येक आरपीएमला करा, आणि त्या त्या आरपीएमला जेवढा बूस्ट असेल त्यानेच. खालच्या आरपीएमलाही कमाल बूस्टने भागलं, तर गाडी तिथे नको तितकी मेलेली वाटते.

बदललेली गाडी ऑनलाइन सर्व्हरवर चालत नाही, फाइल जुळत नाही म्हणून बाहेर काढतात. लीगच्या रेसआधी मूळ कॉपी परत टाका.