उंची खुंटते ती वाटीतल्या पाण्यामुळे: बाळाला भरवताना या चुका टाळा

बाळ वाटी संपवतं, तरी उंची वाढत नाही, ही तक्रार आली की आधी वाटी तिरकी करून बघा. अन्न पाण्यासारखं ओघळलं, तर चूक तिथेच आहे.

नऊ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. अन्न घट्ट असेल, म्हणजे ग्रॅममागे ०.८ किलोकॅलरी देणारं, तर १२५ मिली तीनदा भरवलं की हिशेब जुळतो. पातळ पेजेत ०.३ च असेल, तर तेवढ्याच तीन वाट्यांतून सव्वाशेसुद्धा मिळत नाहीत. पोट मात्र तुडुंब भरतं, बाळ तोंड फिरवतं आणि घरचे समाधानाने वाटी विसळतात. महिनोन्‌महिने हेच चालतं. घशात अडकेल या भीतीने पाणी ओतू नका. चमचा तिरका केला तरी अन्न त्यावर टिकलं पाहिजे. शिजवून चमच्याने कुस्करा, सैल करायचंच तर काढलेलं आईचं दूध घाला, वर छोटा चमचाभर तेल. मिक्सरची सवय लावूच नये. आठव्या महिन्यापासून बाळाला मऊ, बारीक तुकडे हाताने उचलू द्या.

नुसतं धान्य भरवणं ही दुसरी चूक. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह आणि जस्त पुरत नाही. अंडं, मासे किंवा मांस रोज थोडं द्या. घरात चालत नसेल तर डाळी, दही आणि भाज्या-फळं, आणि लोहाच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. उंची वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पावडरी या अन्नाची जागा घेत नाहीत.

चौथ्या महिन्यातच घास भरवायची घाई नको आणि आठव्यापर्यंत थांबणंही नको. सहा महिने पूर्ण झाले की सुरुवात, दोन-तीन चमच्यांनी. बाटली नको, वाटी-चमचा पुरे.

ताप-जुलाबात जेवण तोडू नका. दूध जास्त वेळा पाजा, घास लहान करा, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज नेहमीपेक्षा एक जेवण जास्त द्या. हे शेवटचं हमखास राहून जातं, म्हणून खुंटलेली वाढ भरून निघत नाही.

फक्त वजन बघून निश्चिंत होऊ नका. वजन ठीक असूनही उंची मागे पडू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला सपाट फळीवर झोपवून मोजा, कारण उभं मोजलं तर सुमारे ०.७ सेंमी कमी भरतं. वयाच्या मानाने उंची उणे २ एसडीच्या (प्रमाण विचलन, म्हणजे त्या वयाच्या मधल्या उंचीपासून किती दूर हे मोजायचं माप) खाली गेली की त्याला खुजेपणा म्हणतात. पण तिथवर वाट बघू नका. लागोपाठच्या मोजमापांत वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी व्हायला लागली, तर त्याच आठवड्यात बाळाला डॉक्टरांना दाखवायला न्या.