जुन्या फोर बाय फोर जीपचे टाय रॉड एंड घरच्या घरी कसे बदलावेत

स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाकं जागची हलत नाहीत, आणि पन्नासच्या वेगाला एखादा खड्डा लागला की अख्खी गाडी थरथर कापते. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात अशी जीप घेऊन चहाच्या टपरीवर थांबा, पाच मिनिटांत पाच सल्ले मिळतात. पहिला ठरलेला: ‘बॉक्सचा स्क्रू आवळून घे.’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला की स्टिअरिंग हाताला घट्ट लागतं, म्हणून मालक खूश होतो. पण वळणानंतर ते आपसूक परत येत नाही, बॉक्सच्या आतले दात झिजतात आणि खरा ढिलेपणा होता तिथेच राहतो. दहातल्या आठ वेळा तो टाय रॉडच्या (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) टोकांवरच्या बॉल जॉइंटमध्ये असतो. टाय रॉडच्या टोकाचा हा जॉइंट म्हणजेच टाय रॉड एंड.

खान्देशात हे जॉइंट लवकर का जातात, त्याला कारण आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा जॉइंटवरचं रबरी कव्हर तडकतं. पावसाळ्यात त्याच फटीतून तापीकाठची काळी माती आत शिरते. ग्रीस आणि ती माती मिळून जे तयार होतं, ते व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टपेक्षा वेगळं नसतं. कव्हर फाटलेलं दिसलं की जॉइंट अजून घट्ट लागत असला तरी त्याचे दिवस भरले, असं समजा.

आधी दोष शोधा. गाडी चाकांवर उभी असतानाच एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेक जॉइंट मुठीत धरायचा. झिजलेला जॉइंट हाताला टक्-टक् सांगतो, डोळ्यांनी बघायचीही गरज पडत नाही. मग जॅक लावून चाक उचला. घड्याळात नऊ आणि तीन वाजतात त्या जागी धरून हलवल्यावर ढिलं लागलं, तर टाय रॉड. बारा आणि सहाच्या जागी ढिलं लागलं, तर किंग पिन (वळताना चाक जिच्यावर फिरतं ती) किंवा हबचं बेअरिंग, आणि ते या लेखाचं काम नाही. किंग पिन गेलेली असताना नवे टाय रॉड एंड लावून थरथर थांबेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तुमच्याकडे जुनी सीजे-३बी ही विलीज-महिंद्रा जीप असेल तर तिची बांधणी वेगळी आहे. तिच्यात मधोमध बेल क्रँक, म्हणजे पिनवर फिरणारी तरफ, असतो आणि तिथून दोन्ही चाकांकडे दोन वेगळे टाय रॉड जातात. या बेल क्रँकची पिन आणि बुश आधी तपासा. तो डुलत असेल तर चारही टोकं नवी लावून फायदा नाही. महिंद्राच्याच एमएम ५४० आणि तिच्या भावंडांना सहसा दोन्ही चाकांना जोडणारा एकच लांब टाय रॉड असतो, पुढे मी त्याच्याबद्दलच लिहितो आहे.

सामान घेताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. म्हणून तर टाय रॉडची मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. दुकानदाराला ‘जोडी द्या’ म्हणून भागत नाही, काउंटरवरच आटे बघून घ्या. मी एकदा डबा न उघडता घरी आणला. दोन्ही सुलट्या आट्यांचे निघाले. रविवार, गाडी स्टँडवर, शेतात केळीचे घड कापून ठेवलेले, आणि माझ्या हातात एकाच जातीचे दोन जॉइंट. दुकानाचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर. नुसत्या जॅकवर लटकलेल्या गाडीखाली शिरू नका. चाकं काढा, सगळे आटे वायर ब्रशने घासा आणि आदल्या रात्रीच डिझेल मारून ठेवा.

काढण्याआधी मोजमाप. टाय रॉडच्या एका जॉइंटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी टेपने मोजून पाटीवर लिहा. ‘किती आटे बाहेर दिसतात ते मोज, तेवढेच परत लाव’ हा सल्ला अर्धवट आहे. नवा जॉइंट जुन्याइतक्याच लांबीचा असेल, याचा भरवसा नसतो. मध्य ते मध्य हेच माप खरं.

नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांत तिच्या जागी खिळा निघतो, तांब्याची तार निघते, एकदा तर छत्रीची काडी निघाली होती. हे बघून हसा आणि नवी स्प्लिट पिन आणा. जुनी पुन्हा कधीच वापरू नका.

आता खरी कसोटी

नट सैल होतो, पण जॉइंट सुटत नाही. सगळे इथेच अडकतात. जॉइंटची दांडी निमुळती असते, आणि ती ज्यात बसते त्या चाकाकडच्या आर्मचं भोकही तसंच निमुळतं. वर्षानुवर्षं नटाने ओढून ओढून ते दोन तुकडे एकजीव झालेले असतात. वरून ओढा, खालून ओढा, काही फरक पडत नाही.

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी दांडीच्या टोकावरच हातोडा मारला. शेतातल्या कडुलिंबाखाली, मे महिन्यात, अंगातून घामाच्या धारा. दहा घाव घातले, वीस घातले. दांडीचं टोक छत्रीसारखं पसरलं, नटही निघेना आणि जॉइंटही निघेना. शेवटी ग्राइंडरने नट कापला. त्या नादात आर्मला चरा पडला आणि ती आर्म पुढे बदलावी लागली. दीडशे रुपयांचा जॉइंट वाचवता वाचवता हजारोंचा चुराडा. आणि जॉइंट तरी कुठे वाचवायचा होता, तो तर फेकायचाच होता!

दुसऱ्या वेळी मी मोठ्या बढाईने चिमट्यासारखा दोनतोंडी फाळ घेऊन आलो. जॉइंट आणि आर्मच्या मध्ये घुसवून वर घाव घालायचे. जॉइंट सुटतो, यात वाद नाही. पण रबरी कव्हर फाटतंच. जॉइंट टाकून द्यायचा असेल तर ठीक, पण ड्रॅग लिंकचा चांगला जॉइंट फक्त बाजूला करायचा असेल तर फाळ हातात घेऊ नका.

खरी रीत मला भुसावळच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी दाखवली. मी हातोडा उचलला तसा त्यांनी माझा हात धरला: ‘मारू नको भो, आटा मरी जाई.’ मग त्यांनी दोन हातोडे मागितले.

रीत अशी. नट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आटे राहतील इतका सैल करून दांडीवरच ठेवायचा. जॉइंट सुटला की टाय रॉड खाली धाडकन येतो आणि तुमचं तोंड नेमकं तिथेच असतं, तेव्हा हा नट त्याला झेलतो. नंतर दांडीला विसरा. लक्ष द्यायचं ते आर्मच्या त्या जाड डोक्याकडे, ज्याच्या भोकात दांडी बसली आहे. त्या डोक्याच्या एका बाजूला जड हातोडा, शक्यतो दोन किलोचा, ऐरणीसारखा घट्ट टेकवून धरा. दुसऱ्या बाजूने, बरोबर समोर, एक किलोच्या हातोड्याने एक नेमका, खणखणीत घाव. आर्मचं डोकं क्षणभर दबतं, भोक किंचित अंडाकृती होतं आणि निमुळती दांडी आतून सुटते. ‘टक्’ असा वेगळाच आवाज येतो. एकदा ऐकलात की पुढे कधी विसरणार नाही.

भरताची वांगी लाकडी बडगीत ठेचतात तसं हलकं हलकं ठोकत बसू नका. पन्नास हलक्या घावांनी काही सुटत नाही, फक्त आर्म खरबरीत होते. एक घाव, जरा थांबा, जागा तपासा, दुसरा घाव. आडवा घाव आर्मच्या डोक्यावरच पडला पाहिजे. नळीवर पडला तर नळी वाकते, आणि वाकलेली नळी सरळ करून वापरणं हा दुसरा नको तो उद्योग.

पाच-सहा चांगल्या घावांतही सुटलं नाही, तर पुलर, म्हणजे बोल्ट आवळून जॉइंट सोडवायचं हत्यार, लावा. पण पुलरवरच जोर काढून त्याचा बोल्ट मोडू नका. पुलरने दांडीवर ताण द्या, हाताला कडक लागेल इतकाच, आणि मग पुन्हा तेच दोन हातोडे. ताण आणि घाव एकत्र आले की न सुटलेला जॉइंट माझ्या पाहण्यात नाही.

आणि गॅसकटर? नाही. कितीही घाई असो, नाही. रस्त्यावरचे काही गॅरेजवाले पहिलाच हात बत्तीला घालतात. लालभडक तापलेल्या आर्मच्या लोखंडाची मूळची ताकद जाते, आणि ती आर्म तुम्ही उद्या तोरणमाळच्या घाटात वापरणार असता. शिवाय जॉइंटच्या आत ग्रीस असतं आणि तो वरून बंद असतो. तापल्यावर त्याची टोपी उडून कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकते.

जॉइंट सुटला की नळीवरचे क्लँप सैल करा आणि जुनी टोकं फिरवून काढा. कोणतं टोक कुठल्या दिशेला सुटतं हे विसरायला होतं, म्हणून उलट्या आट्याच्या बाजूला खडूची खूण करा.

नवं बसवताना

भोक आतून कापडाने स्वच्छ पुसा आणि बोट फिरवा. कड लागली किंवा भोक लांबट झालेलं दिसलं तर आर्म बदला. माझी एक सवय सांगतो: नव्या दांडीच्या निमुळत्या भागावर मार्करने चार उभ्या रेघा ओढा, भोकात बसवून थोडी फिरवा आणि काढून बघा. चारही रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या गेल्या असतील तर बसण चांगली. एकाच कडेला पुसल्या असतील तर तो जॉइंट त्या भोकासाठी नाही, कंपनी कुठलीही असो.

ही जागा कोरडी ठेवायची, ग्रीस लावायचं नाही. ग्रीस आट्यांना, नळीच्या आत. नट आवळताना दांडी भोकातच फिरायला लागली, तर खालून जॅकने जॉइंटला हलका रेटा द्या, ती अडकते. नटाची खाच भोकासमोर आली नाही तर नट पुढे आवळा, मागे सैल कधीच नाही. मग नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय वळवून.

पुढची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि गाडी वळणावर अडखळते ती यामुळेच. क्लँप आवळण्याआधी दोन्ही जॉइंट त्यांच्या हालचालीच्या मध्यावर असायला हवेत. एक पुढे कललेला आणि दुसरा मागे, अशा अवस्थेत क्लँप आवळले तर नळी पिळल्यासारखी अडकते. क्लँप आवळल्यावर नळी हाताने पुढे-मागे डोलवून बघा. थोडी डोलली पाहिजे. अजिबात डोलली नाही तर क्लँप सोडा आणि पुन्हा करा. क्लँपचा बोल्ट स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कशाला घासत नाही, हेही बघा.

ग्रीस गन लावा आणि कव्हर जरासं फुगेपर्यंतच पंप मारा. फाटेपर्यंत भरणं म्हणजे नवाच जॉइंट पहिल्या दिवशी उघडा करणं.

आता टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं. चाकं बसवा, गाडी खाली घ्या आणि दहा-पंधरा फूट पुढे ढकला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतील. दोन्ही पुढच्या टायरांवर, समोरच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मध्यावर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला, हबच्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. खुणा त्याच राहतात, म्हणून टायर थोडा वाकडा असला तरी माप चुकत नाही. गाडी मागे ढकलून मोजू नका, जॉइंटचा उरलासुरला ढिलेपणा उलट्या बाजूला जातो. समोरचं अंतर मागच्यापेक्षा कमी हवं. जुन्या सीजे जीपना ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर सांगितलेलं आहे. माझी गाडी दोनवर खूश असते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळं असेल तर ते माना. मापात आणायला क्लँप सैल करून नळी पाव-पाव फेरा फिरवा.

टो-इन झाल्यावरच स्टिअरिंग व्हील सरळ करायचं, आधी नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा, निम्म्यावर आणा आणि ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करून चाकं सरळ करा. व्हील उपटून एक दात पुढे-मागे बसवणारे बॉक्सचा मध्य हरवून बसतात. मग डावीकडे गाडी वळते आणि उजवीकडे वळत नाही, अशी तक्रार घेऊन तेच लोक परत येतात.

पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगाने. हात सैल ठेवून गाडी सरळ जाते का, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परत येतं का, ते बघा. दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा खाली शिरा, प्रत्येक नट आणि क्लँप पान्याने तपासा आणि स्प्लिट पिना जागेवर आहेत का ते बघा. काढलेले जुने जॉइंट ‘वेळेला कामी येतील’ म्हणून सीटखाली ठेवू नका. मी ठेवले होते. पुतण्याने गाडी घाटात अडली म्हणून त्यातलाच एक लावला आणि तसाच घरी आला. आता मी काढलेल्या जॉइंटची दांडी त्याच दिवशी ग्राइंडरने कापतो आणि मगच भंगारात टाकतो.