छोट्या ट्रॅक्टरला अवजार झटपट जोडायचे तर ते नीट सोडा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत सकाळी औषध फवारायचा ब्लोअर आणि दुपारी रोटाव्हेटर अशी अदलाबदल सुरू होते. 18 ते 28 एचपीच्या ट्रॅक्टरच्या मागे हात घालायला जागा कमी, त्यामुळे दर खेपेला पहार आणि दुसरा माणूस लागतो. या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा आदल्या खेपेला अवजार कुठे आणि कसे सोडले यात असते. म्हणून आधी सोडण्याचे पाहू.

अवजार ठेवायची जागा

मातीत सोडलेले अवजार पहिल्याच पावसात एका बाजूने रुतते आणि ट्रॅक्टरच्या हातात अडकणाऱ्या त्याच्या दोन्ही पिना खालीवर होतात. बहुतेक ट्रॅक्टरच्या लिफ्टचे हात तेलाच्या दाबाने वर जातात, खाली मात्र फक्त वजनाने येतात. मोकळे हात एका ठरावीक उंचीखाली जातच नाहीत. अवजाराची पिन त्याहून खाली गेली असेल तर लिव्हर कितीही दाबून उपयोग होत नाही, अवजारच उचलावे लागते.

उपाय सोपा आहे. सपाट जागेवर हात अर्ध्या उंचीवर ठेवा आणि जमिनीपासून हाताच्या टोकाच्या बॉलच्या (पिन ज्यात जाते तो भोकाचा गोळा) मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. प्रत्येक अवजाराच्या खालच्या दोन्ही पिना त्याच उंचीला येतील असे ठोकळे करून घ्या. बाभळीचे चार इंची चौकोनी तुकडे पुरतात, विटा फुटतात. रोटाव्हेटरचे ठोकळे दोन्ही बाजूंच्या स्किडखाली (जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या) आणि एक मागच्या फळीखाली द्या. पाती जमिनीला टेकता कामा नयेत. हे महत्त्वाचे का, ते शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची फिरकी अवजारापर्यंत नेणारा दांडा, जोडताना कळेल. ठोकळ्यांवर अवजाराचे नाव रंगाने लिहून ठेवा, नाहीतर ते पंधरा दिवसांत इकडचे तिकडे होतात. जागा कोब्याची किंवा निदान मुरूम धुमसून केलेली हवी. अवजार नीट बसलेले असताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या रेघा जमिनीवर रंगवून घ्या, पुढच्या वेळी त्याच रेघांवरून मागे यायचे.

सोडण्याचा क्रम असा. पीटीओ (शाफ्ट फिरवणारे ट्रॅक्टरचे मागचे टोक) बंद करा, अवजार ठोकळ्यांवर टेकवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. आधी शाफ्ट काढून अवजाराच्याच आकड्याला साखळीने टांगा. मग टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा मधला दांडा) फिरवून पिन हाताने निघेल इतकी सैल करा आणि काढा. त्यानंतर उजवी लिंक (खालचा हात), शेवटी डावी. पिन ठोकावी लागत असेल तर कुठेतरी ताण आहे. तो तसाच ठेवून ठोकली तर पिन सुटताना अवजार झटक्याने सरकते. लिंकवर चढवायच्या ब्लोअरची टाकी सोडण्याआधी रिकामी करा. टाकीतले 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो वजन, आणि ते हलते.

पिना आणि बुश

जोडणीच्या मापांचे ठरलेले वर्ग म्हणजे कॅटेगरी. कॅटेगरी 1 च्या अवजाराची खालची पिन 22 मिमी आणि टॉप लिंकची 19 मिमी असते. कॅटेगरी 2 मध्ये हीच मापे 28 आणि 25 मिमी होतात. मोठ्या ट्रॅक्टरसाठी घेतलेले जुने अवजार छोट्याला लावताना किंवा याच्या उलट करताना इथेच गाडी अडते. 28 च्या बॉलमध्ये 22 ची पिन सहज जाते, म्हणून लोक तशीच चालवतात. मग कामात धक्के बसून बॉल आणि पिन दोन्ही झिजतात. आतून 22 आणि बाहेरून 28 मिमीचा बुश (पोकळ कडे) मिळतो, तो बसवा. 28 ची पिन असेल आणि बॉल 22 चा, तर पिन बदला. बॉल कापून मोठा करू नका.

मोठी पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला लावायच्या लिंच पिनेच्या जागी खिळा किंवा तार वापरणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. खिळा तुटला तर एक लिंक सुटते आणि फिरता रोटाव्हेटर तिरका होऊन टायरवर येतो. दहा-बारा लिंच पिना एकदम घ्या आणि प्रत्येक पिनेला तिची लिंच पिन बारीक साखळीने बांधून टाका.

मागे आणणे आणि जोडणे

अवजाराच्या बरोबर मध्यावर पातळ सळई उभी बांधा. सीटवरून मागे पाहताना ती टॉप लिंकच्या रेषेत दिसली की ट्रॅक्टर सरळ आहे. पहिला रिव्हर्स गिअर, कमी थ्रॉटल. ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणीही उभे राहायचे नाही. मदतनिसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. बॉल पिनेपासून दोन बोटांवर आला की थांबा. पोझिशन कंट्रोलने (हातांची उंची ठरवणारी लिव्हर) उंची जुळवा. ड्राफ्टच्या (ओढीप्रमाणे खोली राखणाऱ्या) लिव्हरने हात सावकाश हलवता येत नाहीत. मग इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला उटी.

आधी डावी लिंक लावा. बहुतेक ट्रॅक्टरला लेव्हलिंगचे (हात वर-खाली करून अवजार समतल करायचे) हँडल उजव्या बाजूला असते. त्यामुळे डावीकडचे, हँडलने न हलणारे टोक आधी बसवायचे आणि उजवे हँडलने वर-खाली करून पिनेवर आणायचे. उलटे केले तर डावीकडे जुळवायला काहीच उरत नाही आणि पहार हातात येते. जोडण्यापूर्वी बाजूच्या साखळ्या सैल ठेवा, म्हणजे लिंक इंच-दोन इंच इकडेतिकडे करता येते. जोडून झाल्यावर रोटाव्हेटर आणि ब्लोअरला त्या आवळा, बाजूला दीड-दोन सेंटीमीटरच हलू द्या. नांगराला मात्र थोड्या सैल हव्यात.

टॉप लिंक आधी ट्रॅक्टरकडे लावा, मग अवजाराकडे. भोक जुळत नसेल तर मधली नळी फिरवा, अवजार ढकलू नका. नळी फिरत नसेल तर आटे गंजलेले आहेत. डिझेल घालून रात्रभर ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, ग्रीस लावा. दोन्ही टोकांचे आटे सारखेच बाहेर असावेत, नाहीतर एकीकडून नळी आट्यांतून निसटण्याची भीती असते. प्रत्येक अवजार नीट चालत असताना टॉप लिंकची दोन्ही पिनांमधली लांबी मोजून अवजारावरच लिहा. बऱ्याच जणांचा वेळ जातो तो दर वेळी ही लांबी नव्याने शोधण्यात.

पीटीओ शाफ्ट

शाफ्ट पीटीओवर सरकत नाही याची कारणे साधारण तीनच. स्प्लाइनवर (पीटीओच्या टोकावरच्या खाचा) माती किंवा गंज असतो, शाफ्ट जागी धरणारी कुलपाची पिन अडकलेली असते किंवा खाचा जुळत नाहीत. पहिल्या दोन्हींना तारेचा ब्रश आणि ग्रीस पुरते. खाचा जुळवायच्या तर शाफ्ट हाताने थोडा फिरला पाहिजे, आणि रोटाव्हेटरची पाती मातीत टेकलेली असतील तर तो फिरत नाही. ठोकळ्यांचा खटाटोप त्यासाठीच. इंजिन चालू ठेवून पीटीओला झटका देत खाचा जुळवायचा प्रकार अजिबात करू नका. शाफ्ट बसल्यावर 'टक' आवाज येतो. तरीही दोन्ही हातांनी मागे ओढून खात्री करा.

मागे जागा फारच कमी असेल तर खालच्या दोन लिंक लावून झाल्यावर, टॉप लिंकच्या आधी शाफ्ट बसवा. अवजार ठोकळ्यांवर स्थिर असेल तरच हे चालते.

शाफ्ट लांब पडत असेल तर कापावा लागतो. दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, दुसरा अवजाराला लावा. पीटीओ आणि गिअरबॉक्स सर्वांत जवळ येतील अशा उंचीला अवजार आणा, दोन्ही भाग शेजारी धरा आणि टोकाशी चार सेंटीमीटर मोकळे राहतील अशी खूण करा. आतली दांडी, बाहेरची नळी आणि दोन्ही गार्ड सारखेच कापा, कड कानशीने साफ करा, ग्रीस लावा. मग सर्वांत लांब स्थितीतही एक तृतीयांश भाग एकमेकांत राहतो का पाहा. राहत नसेल तर तो शाफ्ट त्या अवजाराचा नाही. चौकोनी दांडीचा शाफ्ट पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे काटे (सांध्याचे दुहेरी भाग) एकाच रेषेत आले पाहिजेत. चौकोन चारही बाजूंनी बसतो, म्हणून तो 90 अंशांनी चुकू शकतो. तसे झाले तर थरथर सुरू होते आणि सांध्यातल्या क्रॉसचे बेअरिंग लवकर जाते.

जोडून झाल्यावर पीटीओ बंद ठेवून अवजार सावकाश पूर्ण वर उचला. शाफ्ट कुठे घासतो का, पुढची चाके हलकी होतात का ते बघा. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान 20 टक्के भार राहिला पाहिजे. कमी वाटला तर पुढे वजने लावा.

चाकांची गाडी आणि क्विक हिच

कोबा असेल तर रोटाव्हेटरसाठी 50 मिमी अँगलची चौकट करून तिला चार फिरती चाके लावता येतात. अवजार दोन-अडीचशे किलोचे असेल तर प्रत्येक चाक किमान 150 किलोचे घ्या, कारण खडबडीत जमिनीवर भार दोन-तीन चाकांवरच येतो. दोन चाकांना ब्रेक हवेत. मुरुमावर ही गाडी निरुपयोगी आहे.

क्विक हिच, म्हणजे अवजार झटपट अडकवायची आकड्यांची चौकट, घेण्याआधी टेप घ्या. कॅटेगरी 1 च्या प्रचलित चौकटीत खालच्या आकड्यांमधले अंतर सुमारे 68 सेंटीमीटर आणि वरचा आकडा त्यांच्यापासून 38 सेंटीमीटर उंच असतो. आपल्याकडची छोटी अवजारे बऱ्याचदा याहून अरुंद असतात, मग ती चौकट बसतच नाही. शिवाय चौकटीमुळे अवजार साधारण चार इंच मागे जाते. शाफ्टची पकड तेवढी कमी होते, पुढची चाके आणखी हलकी होतात आणि बागेत ओळीच्या टोकाला वळायला जास्त जागा लागते. तिन्ही-चारही अवजारांची मापे एकसारखी निघाली आणि अदलाबदल रोजची असेल, तरच हा खर्च करा.