पायथनच्या स्क्रिप्टमधून शेलच्या कमांडची यादी कशी काढाल?

टर्मिनलमध्ये दोन अक्षरं टाइप करून टॅब दोनदा दाबला की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या कमांड बॅश, म्हणजे लिनक्सवरचं नेहमीचं शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम), समोर मांडतं. हीच यादी पायथनच्या स्क्रिप्टला हवी असली की मात्र सरळ उत्तर मिळत नाही, कारण यातल्या काही कमांड डिस्कवरच्या फायली असतात आणि काही शेलच्या पोटातच असतात. खालची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

आधी खरंच यादी हवी आहे का ते बघा

बहुतेक वेळा आपल्याला एवढंच हवं असतं, की मशीनवर एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओच्या कामाचा प्रोग्राम) आहे की नाही. त्यासाठी यादीच्या फंदात पडू नका. पायथनसोबतच येणाऱ्या शटिल मॉड्यूलमधल्या 'व्हिच' फंक्शनला कमांडचं नाव द्या. कमांड असेल तर तिचा पूर्ण पत्ता मिळतो, नसेल तर 'नन', म्हणजे पायथनचं 'काहीच नाही'. 2012 मध्ये आलेल्या पायथन 3.3 पासून ही सोय आहे. विंडोजवर शेवटचं 'डॉट ईएक्सई' तेच जोडून बघतं.

बॅशलाच विचारायचं असेल तर

पूर्ण यादीसाठी बॅशची स्वतःची कमांड आहे: 'कॉम्पजेन', पुढे स्पेस आणि 'वजा सी'. मी पहिल्यांदा ती सबप्रोसेस मॉड्यूलच्या (ते पायथनमधून बाहेरचे प्रोग्राम चालवतं) 'रन'ला दिली, 'शेल इज इक्वल टू ट्रू' लिहिलं आणि उत्तर आलं, कॉम्पजेन सापडत नाही. टर्मिनलमध्ये तर तीच कमांड धडाधड चालत होती! झालं असं, की शेल ट्रू म्हटलं की पायथन बॅशला नाही, 'बिन' फोल्डरमधल्या 'एसएच'ला हाक मारतं. उबुंटूवर 2006 च्या 6.10 आवृत्तीपासून हा एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा प्रोग्राम. तो हलका आणि वेगवान आहे, पण कॉम्पजेन त्याला ठाऊकच नाही.

म्हणून शेल ट्रू काढून टाका आणि 'रन'ला तीन तुकड्यांची लिस्ट द्या: पहिला 'बॅश', दुसरा 'वजा सी', तिसरा 'कॉम्पजेन वजा सी' हा अख्खा मजकूर. कॅप्चर आउटपुट आणि टेक्स्ट दोन्ही ट्रू ठेवा. आलेल्या आउटपुटच्या ओळी वेगळ्या करा, सेटमध्ये टाका म्हणजे दुबार नावं गळतील, मग सॉर्ट करा.

या यादीत 'इफ' आणि 'व्हाइल'सुद्धा दिसतील. ते बॅशचे कीवर्ड, प्रोग्राम नव्हेत. ते गाळायचे तर कॉम्पजेनला 'वजा के' देऊन कीवर्डची आणि 'वजा बी' देऊन बिल्टइनची (शेलच्या पोटातल्या कमांडची) यादी वेगळी मागवा. उलट तुमचा रोजचा 'एलएल' यादीत नसेल. तो बॅशआरसी या सेटिंगच्या फायलीतला एलियस, म्हणजे कमांडला दिलेलं टोपणनाव आहे, आणि स्क्रिप्टमधून असं उघडलेलं बॅश ती फाईल वाचत नाही.

बॅशशिवाय, स्वतः शोधून

मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण ती बॅश नसलेल्या मशीनवरही चालते. ओएस मॉड्यूलच्या 'एन्व्हायरॉन'मधून 'पाथ', म्हणजे शेल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्यांची यादी, उचला. लिनक्स-मॅकवर त्यातले फोल्डर कोलनने जोडलेले असतात, विंडोजवर सेमीकोलनने, म्हणून चिन्ह हाताने न लिहिता 'ओएस डॉट पाथसेप'वर तोडा. मग एकेक फोल्डर 'स्कॅनडिर'ने वाचा. पाथमध्ये नाव आहे पण फोल्डर कधीच उडवलाय, हे सर्रास असतं, तेव्हा ट्राय-एक्सेप्ट लावून पुढे चला.

प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारा: ही फाईल आहे का, आणि 'ओएस डॉट ॲक्सेस'च्या मते ती चालवायची परवानगी आहे का. पहिला प्रश्न गाळू नका. फोल्डरलाही 'एक्स' परवानगी असते, फक्त तिथे तिचा अर्थ 'आत शिरता येतं' असा होतो. तो प्रश्न गाळला तर फोल्डरही कमांड म्हणून यादीत घुसतात. दोन्ही उत्तरं होकारार्थी आली तर नाव आणि पत्ता डिक्शनरीत 'सेटडिफॉल्ट'ने टाका. असं केलं की पाथमध्ये आधी येणारा फोल्डर जिंकतो, आणि शेलही तेच करतं.

यादीत चौकोनी कंसाचं एकटं चिन्ह दिसलं तर कोड बिघडला असं समजू नका. त्या नावाची खरीखुरी कमांड आहे, इफच्या अटी तपासणारी. 'सीडी' मात्र लिनक्सवर या पद्धतीने बहुधा सापडणार नाही. वेगळा प्रोग्राम शेलचा चालू फोल्डर बदलू शकत नाही, म्हणून ती शेलच्या आतच असावी लागते.

विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, वापरत असाल तर यादी अचानक फुगेल. तिथे विंडोजचा पाथही शेवटी जोडला जातो, आणि सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाईल सहसा 'चालवता येणारी' दिसते, अगदी डीएलएलसुद्धा (दुसऱ्या प्रोग्रामना लागणारी, एकटी न चालणारी फाईल). 'एमएनटी'ने सुरू होणारे, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हवरचे फोल्डर गाळा, शोधही झटपट होईल.

क्रॉनमध्ये लावण्याआधी

यादी मिळते ती स्क्रिप्टला मिळालेल्या पाथची, तुमच्या टर्मिनलच्या पाथची नव्हे. माझी एक स्क्रिप्ट दिवसा व्यवस्थित चालायची आणि रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी लिनक्सची सोय) 'एफएफएमपेग नाही' म्हणून थांबायची. मी एफएफएमपेग स्वतः बिल्ड करून 'यूएसआर-लोकल-बिन'मध्ये ठेवला होता. डेबियन-उबुंटूच्या क्रॉनला मात्र मुळात दोनच फोल्डर माहीत असतात, 'यूएसआर-बिन' आणि 'बिन'. तेव्हापासून लॉगची पहिली ओळ म्हणून पाथच छापतो. क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामं लिहायच्या फायलीच्या) डोक्यावर पाथची ओळ लिहिली की काम होतं, फक्त तिथे 'डॉलर पाथ' लिहून जुन्यात भर घालता येत नाही, सगळे फोल्डर नावानिशी लिहावे लागतात.