अपघातानंतरच्या या चुका टाळा (आणि दवाखान्यात खोटं बोलू नका)

साताऱ्यात वकिलांकडे कारकून म्हणून १९ वर्षं झाली. निम्मं काम मोटार अपघाताच्या दाव्यांचं. प्लॅस्टर अजून ओलं असतं आणि माणूस ऑफिसात येऊन विचारतो, "किती मिळतील?" मी म्हणतो, आधी केसपेपर दाखवा. तो घरी राहिलेला असतो, नाहीतर हरवलेला.

दवाखान्यात 'घरात पडले' सांगणं

या एका चुकीवर मी दिवसभर बोलू शकतो. कोरेगाव रस्त्याला भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. टेम्पोनं मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं. टेम्पोवाला शेजारच्याच गावचा. "पोलिसांत कशाला जाता, सगळा खर्च मी करतो," म्हणाला आणि मावशींच्या दिरांना ते पटलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? दीर म्हणाले, घरात पायरीवरून घसरल्या. डॉक्टरांनी तेच लिहिलं. मग एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी दवाखान्याची नोंद, नाही आणि पोलिसांना खबरही नाही. टेम्पोवाल्यानं पंधरा हजार दिले. मांडीत रॉड टाकायच्या दिवशी त्याचा फोन बंद.

तेविसाव्या दिवशी फिर्याद दिली. उशीर एकवेळ निभावतो. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगून ठेवलंय. पण केसपेपरचं काय करणार? विमा कंपनीनं दवाखान्याचा रेकॉर्ड मागवला. पहिल्याच पानावर, तारखेखाली, निळ्या शाईत एक ओळ: 'फॉल फ्रॉम स्टेप्स ॲट होम'. खाली दिरांची सही. उलटतपासात मावशी काठी टेकून उभ्या होत्या. समोरच्या वकिलांनी ती ओळ मराठीत वाचून दाखवली आणि विचारलं, ही सही कोणाची? मावशींनी मागच्या बाकाकडे बघितलं. दीर चपलेकडे बघत होते. दावा गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी, की ओळखीत कुणाला लागलं तर डॉक्टर लिहीत असताना मी शेजारी उभा राहतो. वाहन कोणतं, नंबर काय, कुठे, किती वाजता, एवढं सांगतो आणि लिहिलेलं तिथल्या तिथे वाचून घेतो. चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा लेखी अर्ज देतो, पोच घेऊन. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

नंबर माहीत नसेल तर 'अनोळखी वाहन' सांगा, अंदाजानं कुणाचा तरी नंबर देऊ नका. गाडी पळून गेली तरी सगळं संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार भरपाई आहे. त्यासाठीचा अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत द्यायचा.

रस्त्यावरच मिटवणं

"दोन हजार घ्या, मिटवून टाका." त्या घडीला नुसती सूज दिसते, आठवड्यानं एक्स-रे काढला की मनगटाला क्रॅक निघतो. निदान नंबरप्लेट, लायसन आणि विम्याच्या कागदाचा फोटो तरी घ्या. कोऱ्या कागदावर सही देणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकतच नाहीत.

चालवणारा बदलणं

मुलाकडे लायसन नाही म्हणून गाडी बाप चालवत होता असं सांगायचं. हल्ली चहाच्या टपरीवरसुद्धा कॅमेरा असतो हो.

'कोर्टाचं नंतर बघू'

मध्ये बरीच वर्षं या दाव्यांना मुदतच नव्हती, म्हणून जुनीजाणती माणसं अजून "कधीही घालता येतो" म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती अपघाताच्या तारखेपासून, डिस्चार्जच्या नव्हे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मी फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं सहावा महिना लिहून ठेवतो. अपघात नाशिकला झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर दावा साताऱ्यात घालता येतो. "तिकडे कोण हेलपाटे घालणार" ही सबब चालत नाही.

कागद

मेडिकलचं बिल त्या गुळगुळीत कागदावर येतं आणि सहा महिन्यांत कोरं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. फिजिओथेरपीला जायच्या रिक्षाचं भाडं वहीत लिहा. रोखीचा धंदा असेल तर आडत्याच्या पट्ट्या, बँकेतले भरणे, जे असेल ते जपा.

दाखल्यावरची टक्केवारी

अपंगत्वाच्या दाखल्यावर ६० टक्के आहे म्हणून कमाईही ६० टक्केच बुडाली असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' निकालात हेच समजावलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. (कारकुनाचं उदाहरण वाचून मला जरा लागलं, पण खरं आहे.) तेव्हा तुम्ही काम काय करत होता आणि आता काय जमत नाही, ते बारीकसारीक सांगा. "पाय दुखतो" एवढं पुरत नाही. उकिडवं बसता येतं का, पाटी डोक्यावर घेता येते का, ते सांगा.

टक्क्यावरचा एजंट

"आधी काही नको, मिळाले की तीस टक्के." असं बोलणारा दवाखान्याच्या गेटवरच भेटतो. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

खड्डा बुजायची वाट बघणं

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे लागलं तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार, जखमींना ५० हजार ते अडीच लाख आणि मृताच्या वारसांना ६ लाख भरपाई आहे. पण खड्डा दाखवायला तर हवा. परवा एकानं फोटो आणला. त्यात खड्डा कमी आणि तो स्वतःच जास्त. तरी बरं, मागे पानटपरीची पाटी आली होती. जागा कुठली ते तिच्यावरून ठरलं. खड्डा तोवर बुजला होता.